त्रुटी एका टेबलावर, निर्णय दुसऱ्यावर

मोठ्या उद्योगांची खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र बांधणाऱ्या सॉफ्टवेअरने एखादी नोंद नाकारली की पडद्याचा फोटो ‘आयटी’कडे धाडायचा आणि उत्तराची वाट पाहायची, ही रीत अनेक कार्यालयांच्या अंगवळणी पडली आहे. मात्र अशा वेळी दोष बहुधा नोंद करणाऱ्याचा नसतो. तो कॉन्फिगरेशनमध्ये, म्हणजे प्रणाली बसवताना कंपनीने स्वतःच तिच्यात भरून ठेवलेल्या नियमांमध्ये असतो, आणि ते नियम ठरवण्याचा अधिकार ‘आयटी’चा नसून लेखा, भांडार किंवा खरेदी विभागाचा असतो.

१९७२ साली जर्मनीत स्थापन झालेल्या ‘सॅप’ कंपनीच्या प्रणालीतील ‘एम८ १४७’ हा संदेश या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. भांडारातून एखाद्या विभागाच्या खर्ची माल काढताना तो उमटतो आणि ‘आयएनटी जीबीबी ०००१ व्हीबीआर ७९२०’ या ओळीसाठी खाते ठरवता येत नसल्याचे सांगतो. ही ओळ गूढ वाटली तरी तिच्यात दोषाचा नेमका पत्ता असतो: आयएनटी ही खात्यांची सूची, जीबीबी ही साठ्याच्या नोंदीची समोरची बाजू, ०००१ हा मूल्यांकनाचा गट, व्हीबीआर म्हणजे वापरासाठी झालेली उचल आणि ७९२० हा मालाचा मूल्यांकन वर्ग, जो प्रमाण मांडणीत तयार मालाचा असतो. काढायचा माल जर पॅकिंगचा खोका असेल, तर प्रश्न रिकाम्या राहिलेल्या खात्याचा नसून, खोका मुळात तयार मालात कोणी आणि का घातला, हा आहे. असे असूनही खाते ठरवण्याच्या तक्त्यात एखादे खाते भरून संदेश घालवण्याचा मोह होतो, कारण साठा शिल्लक असताना मालाचा वर्ग बदलणे किचकट असते. संदेश जातो, गाडी सुटते, पण त्या खोक्याचा खर्च पुढे दर महिन्याला भलत्याच खात्यावर मुकाट्याने पडत राहतो. म्हणून या लेखाच्या मते अशी दुरुस्ती मूळ त्रुटीहून अधिक घातक आहे, कारण त्रुटी निदान दिसत तरी होती.

हिशेबाचा कालखंड बंद असल्याच्या संदेशाबाबत याच घाईला आणखी एक फाटा फुटतो. ‘कालखंड ०१०/२०२४ उघडा नाही’ हे वाक्य वाचून ऑक्टोबर महिना डोळ्यांपुढे येणे स्वाभाविक आहे. परंतु भारतातील कंपन्यांमध्ये बहुधा एप्रिल ते मार्च या वर्षाची मांडणी वापरली जाते, तिच्यात एप्रिल हा पहिला कालखंड असतो आणि वर्षाला त्याच्या आरंभाचे नाव असते, त्यामुळे हा दहावा कालखंड म्हणजे जानेवारी २०२५ होय. ग्राहक, पुरवठादार, मालमत्ता, साठा आणि खातेवही यांचे कालखंड वेगवेगळे उघडता येतात, शिवाय त्यांत नोंद करण्याची मुभा ठराविक व्यक्तींपुरती ठेवण्याचीही सोय असते. तरीही पुरवठादाराच्या एका राहिलेल्या बिलापायी बंद महिना सर्वांसाठी सताड उघडला जातो आणि वरिष्ठांना सादर झालेले आकडे पुन्हा हलू लागतात.

तेव्हा तक्रार पाठवताना संदेशाचा वर्ग, क्रमांक आणि त्यातील प्रत्येक संकेत जसाच्या तसा लिहावा, संदेशाचा विस्तृत मजकूर उघडून त्यातील निदान आणि सुचवलेली कृती वाचावी, आणि नियम बदलण्यापूर्वी तो ज्या विभागाचा आहे त्याची लेखी संमती घ्यावी. १ एप्रिल २०२३ पासून भारतातील कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहणे आणि ती बंद करता न येणे बंधनकारक झाले आहे. बदल कधी झाला हे त्या नोंदीवरून कळते. तो का केला, हे मात्र संबंधित विभागाने त्याच दिवशी लिहून ठेवले असेल तरच लेखापरीक्षकाला कळू शकते.