खुर्चीवर बाई, वेळापत्रक जुनंच

टेनिस हा आपल्या बैठकांमधला विषय नाही. महागडा, पैसेवाल्यांचा खेळ म्हणून आपण तो बाजूला ठेवतो आणि त्यात फारसं चूक नाही. तरीही फ्रान्सच्या आमेली मोरेस्मोची खेळाडूनंतरची, प्रशिक्षक म्हणून झालेली वाटचाल आपण पाहावी असं मला वाटतं. बाईचं कौशल्य मान्य करणं वेगळं आणि तिचा अधिकार मान्य करणं वेगळं, हे त्यात लख्ख दिसतं.

खेळाडू म्हणून तिने सगळं मिळवलं. २००४ साली ती जागतिक क्रमवारीत पहिली आली. २००६ साली तिने ऑस्ट्रेलियन आणि विम्बल्डन अशा दोन्ही स्पर्धा जिंकल्या. त्याच्या कितीतरी आधी, १९९९ साली, एकोणीस वर्षांची असताना तिने आपण समलिंगी असल्याचं उघडपणे सांगितलं होतं. तेव्हा तिला हिणवणाऱ्यांत बायकाही होत्या. उपान्त्य फेरीत तिच्याकडून हरलेल्या खेळाडूला आपण पुरुषाशी खेळतोय असं वाटलं, तर अंतिम फेरीतल्या प्रतिस्पर्धी मुलीने तिला 'अर्धा पुरुष' म्हटल्याचं छापून आलं. जोरात फटका मारणारी बाई ही बाईच नव्हे, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे.

२००९च्या अखेरीस ती निवृत्त झाली आणि पुढे शिकवू लागली. २०१३ साली मारियों बार्तोली विम्बल्डन जिंकली तेव्हा मोरेस्मो तिच्या मदतीला होती. इथवर कुणाची हरकत नव्हती. बाईने बाईला शिकवावं, हे चालतं. (खरं तर तेही पुरतं चालत नाही. आघाडीच्या महिला खेळाडूंचे प्रशिक्षकही बहुतेक पुरुषच असतात.)

जून २०१४ मध्ये अँडी मरेने तिला प्रशिक्षक म्हणून नेमलं आणि गहजब झाला. त्याने आदल्याच वर्षी विम्बल्डन जिंकून ब्रिटनची ७७ वर्षांची प्रतीक्षा संपवली होती. असा खेळाडू बाईकडून शिकणार? महिला टेनिसबद्दल आपलं मत फारसं चांगलं नाही, तेव्हा आपण असं करणार नाही, असं एका पुरुष खेळाडूने सांगून टाकलं. १९७७ची विम्बल्डन विजेती व्हर्जिनिया वेड हिलाही आधी ही थट्टाच वाटली. गंमत अशी, की मरेला लहानपणी टेनिस शिकवलं ते त्याच्या आईने, ज्युडी मरेने. ती स्वतः प्रशिक्षक. पण आईचं शिकवणं मायेच्या खात्यात जमा होतं, ज्ञानाच्या नाही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये फेडररने मरेला ६-०, ६-१ असं हरवलं. मरे पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर सावरत होता, पण बोट दाखवलं गेलं मोरेस्मोकडे. २०१५च्या उन्हाळ्यात मरेने एका फ्रेंच वृत्तपत्रात स्वतःच लिहिलं, की आपल्या आधीच्या कुठल्याही प्रशिक्षकाला पराभवाबद्दल असा दोष दिला गेला नव्हता. बाईला पुरुषासारखं वागवलं जावं म्हणून झगडणं म्हणजे स्त्रीवाद असेल तर आपण स्त्रीवादी आहोत, असंही त्याने म्हटलं. एका यशस्वी पुरुषाने हे लिहावं याचं मला कौतुक आहे. मात्र तिच्या बाजूने साक्ष द्यायला शेवटी पुरुषच लागला, हेही मनात राहतं.

तिच्या काळात काय झालं? मातीच्या कोर्टवर एकही स्पर्धा न जिंकलेला मरे २०१५ साली म्युनिच आणि माद्रिदला जिंकला, माद्रिदला तर नदालला हरवून. त्या वर्षअखेरीस तो क्रमवारीत दुसरा होता. ऑगस्ट २०१५ मध्ये मोरेस्मोला मुलगा झाला. मे २०१६ मध्ये दोघं वेगळे झाले, तेव्हा प्रवास सांभाळून पुरेसा वेळ देणं अवघड गेल्याचं तिने सांगितलं. पुरुष प्रशिक्षकांनाही मुलं असतात. त्यांचे प्रवास कसे जमतात, हे कुणी विचारत नाही. पुढे जुने प्रशिक्षक इव्हान लेंडल परतले, मरेने पुन्हा विम्बल्डन जिंकलं, आणि 'बघा, म्हटलं नव्हतं?' म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं.

मी एम.एस.डब्ल्यू. करून समाजकार्यात आले. आमच्या क्षेत्रात वस्तीत फिरणाऱ्या बहुसंख्य बायका आणि निर्णयाच्या खुर्चीत बहुधा पुरुष, हे चित्र मला रोज दिसतं. त्यामुळे २०२१च्या अखेरीस फ्रेंच खुल्या टेनिस स्पर्धेच्या संचालकपदी मोरेस्मो आली, ते पद मिळवणारी पहिली बाई ठरली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

पण २०२२ साली तिथल्या मुख्य कोर्टवर रात्रीच्या दहा सामन्यांपैकी बायकांचा फक्त एक होता. पुरुषांच्या सामन्यांना आकर्षण जास्त, असं खुद्द मोरेस्मो म्हणाली. तेव्हा पहिल्या क्रमांकावर असलेल्या इगा श्वियाँतेकने नाराजी व्यक्त केली, मोरेस्मोने माफीही मागितली. २०२३ साली पुन्हा एकच. २०२४ आणि २०२५ साली एकही नाही. कारण दिलं गेलं सामन्याच्या लांबीचं. पुरुष पाच सेटपर्यंत खेळतात, बायका तीन. रात्रीच्या तिकिटावर एकच सामना असतो, तो तासाभरात संपला तर प्रेक्षकांना काय सांगायचं?

कारण अगदीच खोटं नाही, म्हणूनच ते घातक आहे. जी व्यवस्था तिच्या येण्याने बिचकली होती, तिचीच भाषा आता तिच्या तोंडून येते. महिला सरपंच येते आणि ग्रामसभेची वेळ मात्र चूल पेटायचीच राहते, तसं हे आहे. मी मोरेस्मोला खलनायिका ठरवणार नाही. प्रक्षेपणाचे करार तिच्या एकटीच्या हातात नाहीत, आणि एकट्या बाईकडून सगळ्यांच्या वाट्याची क्रांती मागणं हाही अन्यायच आहे. पण माणसं प्रशिक्षक म्हणून बाईला नाकारत होती तेव्हा 'लोकांना हेच आवडतं' हाच युक्तिवाद होता. तो तिने तरी जशाचा तसा उचलायला नको होता.

शिवाय अडचण सुटण्यासारखी आहे. अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन स्पर्धांत रात्रीच्या सत्रात बायकांचा एक आणि पुरुषांचा एक, असे दोन सामने ठेवण्याची पद्धत आहे. तिथेही लोक तिकीट काढूनच येतात.