बदली न झालेला अधिकारी

महाराष्ट्र शासनाच्या चाकरीत वयाची ५८ वर्षे भरली की अधिकाऱ्याने दप्तराच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती द्याव्यात, निरोपाच्या समारंभात शाल-श्रीफळ स्वीकारावे आणि निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी कोषागाराच्या पायऱ्या झिजवाव्यात, असा रिवाज असताना, मुंबईच्या गुन्हे अन्वेषण विभागातील एक सहायक पोलीस आयुक्त १९९८ च्या जानेवारीपासून त्याच हुद्द्यावर, त्याच खुर्चीत आणि हाताची बोटे हवेत फिरवीत संशय व्यक्त करण्याच्या त्याच लकबीनिशी विराजमान आहे, आणि याबद्दल कोणाही लेखापरीक्षकाने आजवर आक्षेप घेतलेला नाही. हा अधिकारी म्हणजे ‘सीआयडी’ या मालिकेतील एसीपी प्रद्युम्न, हे सांगण्याची गरज नाही. ती भूमिका करणारे शिवाजी साटम १९५० चे. सेंट्रल बँकेतली नोकरी सांभाळून रंगभूमीवर आलेला हा नट, दिग्दर्शक बी. पी. सिंग यांच्याबरोबर मुंबई दूरदर्शनच्या ‘एक शून्य शून्य’ या मराठी मालिकेत गुन्ह्यांचा छडा लावीत असे, तेव्हापासून आमच्या पिढीच्या परिचयाचा. म्हणजे साऱ्या हिंदुस्थानाने ज्याला आपला मानला, त्या अधिकाऱ्याची पहिली हजेरी मराठीत लागली होती, याचा थोडासा अभिमान मी बाळगतो आणि परप्रांतात गेलो की तो मिरवतोही.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या एप्रिलात, हा अभिमान जयपुरात माझ्या चांगलाच अंगाशी आला. आमच्या वसाहतीतील दत्तमंदिरासाठी मकराण्याच्या संगमरवराची मूर्ती घडवून आणण्याची कामगिरी मंडळाने माझ्या गळ्यात घातली होती, आणि त्या निमित्ताने चांदपोल बाजाराला लागून असलेल्या ‘खजानेवालों का रास्ता’ या मूर्तिकारांच्या गल्लीत माझ्या खेपा चालल्या होत्या. त्या गल्लीत सर्वत्र पांढऱ्या धुळीचे साम्राज्य. दारात अर्धवट घडलेले हनुमान आणि गणपती ओळीने उभे, त्यांच्या आडून छिन्नीची टकटक आणि यंत्राची किरकिर, आणि कारागिरांच्या पापण्यांवरसुद्धा संगमरवराचा पातळ थर बसलेला. कारखान्याच्या एका कोपऱ्यात पाण्याच्या माठाला टेकवून ठेवलेला मोबाइल, आणि दर दोन-चार मिनिटांनी आपल्या अंगठ्याने त्याच्यावरील भुकटी पुसणारा एक शिकाऊ पोरगा, असे दृश्य मी गेलो त्या सकाळी होते. आदल्या रात्री, ५ एप्रिलला, वाहिनीने एसीपी प्रद्युम्न यांच्या निधनाचे श्रद्धांजलीपर चित्र प्रसिद्ध केले होते, त्याखाली एका युगाचा अंत झाल्याचे लिहिले होते, आणि एका खलपुरुषाने पेरलेल्या बॉम्बने हा पराक्रमी पुरुष संपल्याची वार्ता देशभर झाली होती.

मी मुंबईकडचा, हे कळताच कारखान्याचे वयोवृद्ध मालक दत्ताच्या सहा हातांचा विषय बाजूला सारून माझ्यावरच घसरले. “आप तो उधर के हो, भाईसाहब. एसीपी साहब को कैसे मार सकते हैं?” जणू काही त्या पटकथेवर माझी सही होती! मी साटम सुट्टीवर असल्याचे वर्तमानपत्रात वाचले होते ते सांगून पाहिले, पण नट आणि पात्र यांतला हा भेद त्यांना मुळीच मान्य नव्हता. सुट्टीवर असलेल्या माणसाला मेला म्हणून जाहीर करणे हा तर त्यांच्या लेखी दुहेरी अपराध ठरला. इतक्यात मोबाइलवाला पोरगा, मान वर न करता, तपासी अंमलदाराच्या निर्विकार स्वरात म्हणाला, “लाश दिखाई क्या? लाश नहीं दिखाई, तो मरा नहीं.” या एका वाक्यात सत्तावीस वर्षांच्या शिकवणीचे सार्थक झाले, असे मला वाटले. पण त्या दिवशीचा सर्वांत मर्मभेदक अभिप्राय चहा घेऊन आलेल्या मालकिणीबाईंचा होता. राजस्थानात माणूस गेला की तिसऱ्या दिवशी आप्तेष्ट सांत्वनाला जमतात, त्याला ‘तीये की बैठक’ म्हणतात. वर्तमानपत्रांत तिच्या चौकटी छापून येतात. मांजींनी चहाचे पेले ठेवता ठेवता म्हटले, “तीये की बैठक तक नहीं हुई और नया एसीपी बिठा दिया!” पार्थ समथान यांना नव्या अधिकाऱ्याच्या भूमिकेत आणल्याचा हा निषेध होता. मृत्यूपेक्षाही, मृत्यूनंतरचे शिष्टाचार पाळले नाहीत, याचाच त्यांना अधिक विषाद वाटत होता, आणि मला वाटते की त्यांचे म्हणणे कोणत्याही समीक्षकापेक्षा अधिक बरोबर होते.

प्रेक्षकांचा हा कोप नवा नाही. आर्थर कॉनन डॉइलने १८९३ च्या डिसेंबरात शेरलॉक होम्सला धबधब्याच्या कड्यावरून खाली लोटले, तेव्हा वाचकांनी मासिकाच्या वर्गण्या बंद केल्या आणि दहा वर्षांनी, १९०३ मध्ये, लेखकाला निमूटपणे त्याला जिवंत करावे लागले. आपल्याकडे ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मधील मिहिर विराणीला असेच स्वर्गातून परत बोलावण्यात आले. एसीपी प्रद्युम्नही थोड्याच काळात कामावर रुजू झाले. शिकाऊ पोराचा तर्क अचूक ठरला. मात्र एका बाबतीत कोणाचाच अर्ज मंजूर होऊ शकला नाही. याच मालिकेतील भाबडा, विनोदी इन्स्पेक्टर फ्रेडरिक्स रंगवणारे दिनेश फडणीस ५ डिसेंबर २०२३ रोजी खरोखरच गेले, आणि सहा वर्षे बंद राहिलेली मालिका २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली तेव्हा त्यांची जागा रिकामीच होती.

आता गंमत पाहा. अमेरिकेत २०१४ साली ‘फॉरएव्हर’ नावाची एक मालिका आली. तिचा नायक न्यूयॉर्कमधला शवविच्छेदन करणारा डॉक्टर, अक्षरशः अमर. दोनशे वर्षांपूर्वी त्याला प्रथम मरण आले, आणि तेव्हापासून तो जितक्या वेळा मरतो तितक्या वेळा जवळच्या पाण्यातून विवस्त्र बाहेर येतो. प्रेतांची भाषा त्याला अवगत, कारण मरणाचा इतका प्रत्यक्ष अनुभव दुसऱ्या कोणत्याही वैद्याला नाही. कल्पना चतुर होती, इओअन ग्रफिड या नटाचे काम देखणे होते, आणि ज्यांनी ती पाहिली ते तिच्यावर लुब्ध झाले. तरी बावीस भागांनंतर, २०१५ च्या मे महिन्यात, वाहिनीने ती गुंडाळली आणि चाहत्यांच्या विनवण्या वाऱ्यावर गेल्या. ज्याला मरण नाही असा नायक एका हंगामात संपला, आणि ज्याला मर्त्य माणसासारखे बॉम्बने मारले तो प्रेक्षकांच्या हट्टाखातर उठून बसला. तेव्हा अमरत्व कथेत लिहून देता येत नाही. ते देण्याचा अखत्यार पाहणाऱ्याच्या हाती असतो, आणि तो ते फार विचारपूर्वक देतो, अशी माझी धारणा आहे.

विचारपूर्वक अशासाठी की, मांजींना काय किंवा त्या शिकाऊ पोराला काय, एसीपी गोळ्यांतून वाचतात याचे मुळीच अप्रूप नाही. वाचणे हे नायकाचे कामच असते. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किती संकटांतून सुटला याचा हिशेब आमच्या लहानपणीही कोणी ठेवला नव्हता. अप्रूप आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे. ज्या माणसाकडे पहिल्या दिवशी फिर्याद नोंदवली तोच माणूस शेवटच्या दिवशी आरोपीसमोर उभा असतो. मधल्या मुदतीत त्याची बदली झालेली नसते, त्याला निवडणुकीच्या किंवा मोठ्या पाहुण्याच्या बंदोबस्तावर पाठवलेले नसते, आणि मिसल एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जाताना तिच्यातले पहिले पान गहाळ झालेले नसते. बॉम्बला पुरून उरणारा अधिकारी आपल्या लोकांना सहज पटतो, पण बदलीला पुरून उरणारा अधिकारी हा मात्र साक्षात चमत्कार, आणि आमच्या प्रेक्षकाने त्याला चिरंजिवांच्या पंक्तीला बसवले ते या चमत्कारासाठी.

हे मला जयपुरात आणि त्याच आठवड्यात विशेष जाणवले, याला कारण होते. १३ मे २००८ रोजी, मंगळवारी संध्याकाळी, हनुमानाच्या दर्शनाची गर्दी असताना, इथल्या परकोट्यात, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, सायकलींवर ठेवलेले बॉम्ब एकामागून एक फुटले आणि ७० हून अधिक माणसे प्राणास मुकली. आठ फुटले. नववा चांदपोल बाजारातल्या रामचंद्र मंदिराजवळ सापडला आणि निकामी करण्यात आला. मी दत्ताची मूर्ती ठरवीत होतो त्या गल्लीपासून हे ठिकाण हाकेच्या अंतरावर. फुटलेल्या बॉम्बांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१९ च्या डिसेंबरात चौघांना फाशी सुनावली. २९ मार्च २०२३ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने ती रद्द करून आरोपींना मुक्त केले आणि तपासावर कडक ताशेरे ओढले. सायकलखरेदीच्या पावत्यांपासून ओळखपरेडीपर्यंत पुराव्याची साखळी ठिकठिकाणी तुटलेली न्यायालयाला आढळली. त्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपिले दाखल झाली. आणि न फुटलेल्या नवव्या बॉम्बच्या वेगळ्या खटल्यात विशेष न्यायालयाने ४ एप्रिल २०२५ रोजी चौघांना दोषी ठरवून ८ एप्रिलला जन्मठेप दिली. घटनेला सतरा वर्षे होत आली होती. या दोन तारखांच्या मध्ये, ५ तारखेला, एसीपी प्रद्युम्न मरण पावले. मधली ६ तारीख रामनवमीची. चांदपोलच्या मंदिराबाहेर तपासणीच्या कमानीतून माणसे एकेक करून आत जात होती.

कारखान्याच्या मालकांनी त्या सतरा वर्षांपूर्वीच्या संध्याकाळबद्दल फारसे काही सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. मूर्तीच्या चेहऱ्यावर खुणेची रेघ ओढता ओढता ते एवढेच म्हणाले, “कितने अफसर आए, कितने गए, नाम भी याद नहीं.” एसीपींचे नाव मात्र त्यांना ठाऊक होते.

इथे माझ्या मनातली एक तक्रार नोंदवून ठेवली पाहिजे, कारण ही मालिका मला प्रिय असली तरी ती निर्दोष आहे असे म्हणण्यास मी तयार नाही. त्या मालिकेत दया नावाचा धिप्पाड अधिकारी दार तोडतो, मग संशयिताच्या कानशिलात एक भडकावतो, आणि संशयित सारा गुन्हा घडाघडा कबूल करतो. डॉक्टर साळुंखे यांची प्रयोगशाळा विषाचे नाव चहा निवण्याच्या आत सांगून मोकळी होते. कायदा याच्या नेमका उलट आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमात होते, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या २३ व्या कलमातही ते कायम आहे. म्हणजे प्रद्युम्न-दया या जोडीचे बहुतेक खटले पहिल्याच तारखेला कोसळले असते! खरा तपास थपडेवर उभा राहत नाही. तो पंचनाम्यावरील तारीख, मोहोर, पंचाची सही आणि पावतीवरचा क्रमांक अशा नीरस गोष्टींवर उभा राहतो, आणि या नीरस गोष्टींना एकच माणूस अखेरपर्यंत धरून बसला तरच त्या टिकतात. प्रेक्षकाने चमत्कार बरोबर ओळखला, मालिकेने मात्र त्याचे श्रेय दयाच्या तळहाताला दिले.

हा चमत्कार सरकारी कागदावर आणण्याचा यत्न झालेलाच नाही असे नाही. २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाशसिंह यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना जे आदेश दिले, त्यांत जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक आणि ठाणेप्रमुख यांना किमान दोन वर्षांची मुदत मिळावी आणि तपासाचे काम बंदोबस्ताच्या कामापासून वेगळे करण्यास आरंभ व्हावा, असे दोन आदेश आहेत. दोनच वर्षे, सत्तावीस कोणी मागितलेली नाहीत.

आपल्या भागातील पोलीस ठाण्यात प्रमुखाच्या खोलीत, बहुधा खुर्चीच्या मागच्या भिंतीवर, एक लाकडी फलक असतो. आजवरच्या अधिकाऱ्यांची नावे त्यावर ओळीने लिहिलेली असतात, आणि प्रत्येक नावापुढे ‘पासून’ व ‘पर्यंत’ अशा दोन तारखा. पारपत्राच्या पडताळणीला किंवा हरवलेल्या वस्तूची नोंद करायला जाल, तेव्हा साहेब येईपर्यंत तिथे बसावे लागतेच; तेवढ्या वेळात त्या तारखांची वजाबाकी करून पाहा.