मैदान जनतेचे, संघ मालकाचा!

२८ मार्च १९८४ ची रात्र. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात कडाक्याची थंडी होती, बर्फ पडत होता. शहराच्या फुटबॉल संघाच्या, बाल्टिमोर कोल्ट्सच्या आवारात सामान वाहून नेणारे ट्रक एकामागून एक येऊन उभे राहिले. खेळाडूंचे पोशाख, दप्तर, सारे काही भरले गेले आणि संघ रातोरात इंडियानापोलिसच्या वाटेला लागला. मेरीलँड राज्याचे विधिमंडळ त्याच वेळी हा संघ सार्वजनिक हितासाठी ताब्यात घेण्याचा कायदा करीत होते. राज्यपालांची सही झाली तेव्हा ताब्यात घ्यायला राज्यात काही उरलेच नव्हते. पुढे न्यायालयानेही मालकाच्याच बाजूने कौल दिला. तीस वर्षे ज्याला लोकांनी आपला म्हटले तो संघ, भाडे थकवलेला भाडेकरू पळावा तसा पळाला. फरक एवढाच, की येथे पळणारा भाडेकरू धनदांडगा होता आणि घर होते शहराच्या मालकीचे.

आपल्याकडे गरिबाची जमीन सार्वजनिक हितासाठी घेताना कायद्याला कधी एवढा उशीर झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

हा फुटबॉल आपल्या गल्लीतला फुटबॉल नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. लंबगोल चेंडू हातात धरून धावण्याचा हा अमेरिकन खेळ. नॅशनल फुटबॉल लीग ही त्याची संघटना, तिच्यात ३२ संघ, आणि एक अपवाद सोडला तर प्रत्येक संघ कोणा ना कोणा धनिकाच्या मालकीचा. तेथे वर्षानुवर्षे एक प्रश्न विचारला जातो: छोट्या बाजारपेठेतील संघ गाव न सोडता टिकू शकेल काय? आमचे म्हणणे असे, की हा प्रश्नच मालकांच्या सोयीचा आहे. गावाला 'बाजारपेठ' म्हटले की माणसांची गिऱ्हाइके होतात, आणि गिऱ्हाईक कमी पडले म्हणून दुकान हलवले तर दुकानदाराला दोष कोण देणार? दोष गावाचाच! छोटे असल्याचा!

पण कोणता संघ कोठून कोठे गेला हे नीट पाहावे. १९९४ चा हंगाम संपल्यावर लॉस एंजेलिसमधून एक नव्हे, दोन संघ निघून गेले. लॉस एंजेलिस हे अमेरिकेतील दुसऱ्या क्रमांकाचे शहर. तेथून रॅम्स गेला सेंट लुईसला आणि रेडर्स गेला ओकलंडला. दोन्ही ठिकाणे लहान. १९९७ साली ह्यूस्टनचा ऑयलर्स टेनेसी राज्यात गेला. ह्यूस्टन हे देशातील पहिल्या चार शहरांपैकी एक. मोठ्या बाजारपेठेतच संघ टिकतो हा नियम खरा असता तर हे संघ मोठी शहरे सोडून का गेले असते? ते गेले, कारण लहान शहराने जनतेच्या पैशाने नवे किंवा सुधारलेले स्टेडियम देऊ केले आणि मोठ्या शहराने तसे दिले नाही. संघ बाजारपेठेच्या मागे धावत नाही, तो सरकारी तिजोरीच्या मागे धावतो.

संघांची संख्या ३२ वर रोखून धरलेली आहे. संघ कमी, शहरे जास्त. प्रत्येक मालकाच्या खिशात दुसऱ्या एखाद्या शहराचे नाव असते आणि ते तो आपल्या शहराच्या महापौराला दाखवतो. ज्या बाल्टिमोरने १९८४ साली संघ गमावला, त्याच बाल्टिमोरने १९९६ साली क्लीव्हलँडचा संघ पळवला! नवे स्टेडियम देण्याचे कबूल करून, आणि तेही सरकारी लॉटरीच्या उत्पन्नातून. लुटला गेलेला दुसऱ्याला लुटतो आणि दोघांच्या भांडणात मालक गब्बर होतो. वाचकहो, ही रीत आपल्याला नवी नाही.

सेंट लुईसची कथा तर मुळातून पाहण्यासारखी आहे. राज्य, शहर आणि परगणा या तिघांनी कर्ज काढून छतासह स्टेडियम बांधले आणि १९९५ साली रॅम्सला आणले. करारात एक कलम होते: ठरावीक वर्षांनी हे स्टेडियम संघटनेतील पहिल्या पंचवीस टक्के उत्तम स्टेडियममध्ये मोडले पाहिजे, न मोडल्यास संघ दीर्घ मुदतीच्या करारातून मोकळा. बाकीची शहरे नवी स्टेडियम बांधत असताना वीस वर्षांचे जुने स्टेडियम पहिल्या पंचवीस टक्क्यांत राहणार कसे? म्हणजे सोडून जाण्याची वाट येतानाच करून ठेवली होती. २०१६ साली संघ लॉस एंजेलिसला परत गेला आणि स्टेडियमच्या कर्जाचे हप्ते करदाते भरत राहिले. शहराने दावा लावला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ७९ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. पैसे मिळाले, संघ नाही.

आता तो एक अपवाद.

विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे नावाचे शहर आहे. २०२० च्या जनगणनेत लोकवस्ती एक लाख सात हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या यवतमाळपेक्षा मोठे नाही. तेथे १९१९ साली मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीच्या मदतीने एक संघ उभा राहिला, म्हणून त्याचे नाव पॅकर्स. न्यूयॉर्क, शिकागोच्या पंक्तीला बसलेला हा गावठी संघ आजही तेथेच आहे. त्याच्या स्टेडियमात ऐंशी हजारांहून अधिक माणसे बसतात. गावातील प्रत्येक चौघांपैकी तिघे आत मावतील!

तो टिकला कसा? १९२३ साली पैसा संपला तेव्हा गावकऱ्यांना पाच-पाच डॉलरचे शेअर विकून संघाची कंपनी करण्यात आली. १९३५ साली पुन्हा विक्री, १९५० साली पुन्हा. ज्या संस्थापकाच्या नावाने आज ते स्टेडियम ओळखले जाते, तो कर्ली लॅम्बो १९५० साली भांडून शिकागोच्या दुसऱ्या संघाकडे गेला. संस्थापक गेला, संघ राहिला. १९५६ साली नव्या स्टेडियमसाठी ९ लाख ६० हजार डॉलरच्या कर्जरोख्यांवर मतदान झाले आणि लोकांनी दोनास एकापेक्षा जास्त मतांनी होकार दिला. १९९७, २०११ आणि २०२१ साली आणखी शेअर विकले गेले. आज भागधारक पाच लाखांच्या वर आहेत. या शेअरवर लाभांश नाही, तो बाजारात विकता येत नाही, दोन लाखांहून अधिक शेअर कोणालाच घेता येत नाहीत. आणि खरी मेख पुढे आहे. उद्या संघ विकला गेलाच तर पैसा भागधारकांच्या खिशात जात नाही, लोकोपयोगी कामाकडे जातो. विकून कोणाचाच फायदा नाही, म्हणून विकायला कोणी धजत नाही.

केवळ एवढ्याने मात्र भागले नसते. १९६० पर्यंत बहुतेक संघ आपापले टीव्हीचे करार करीत. न्यूयॉर्कच्या संघाला मोठी रक्कम, ग्रीन बेला चणे-फुटाणे. १९६१ साली पीट रोझेल या आयुक्ताने सर्व संघांचे प्रक्षेपण हक्क एकत्र विकून पैसा समान वाटण्याची योजना केली. न्यायालयाने ती मक्तेदारीविरोधी कायद्याखाली अडवली, तेव्हा अमेरिकन काँग्रेसने त्याच वर्षी खास कायदा करून सूट दिली. १९६२ च्या करारात वर्षाला ४६ लाख ५० हजार डॉलर आले आणि चौदा संघांत सारखे वाटले गेले. आज पॅकर्सला या सामायिक उत्पन्नातून मिळणारा वर्षाचा वाटा ४३ कोटी डॉलरांच्या वर गेला आहे. हा आकडा जगाला कळतो तोही पॅकर्समुळेच. जनतेची कंपनी म्हणून तिला दरवर्षी हिशेब मांडावा लागतो. बाकीच्या एकतीस मालकांच्या वह्या बंद.

जगभर समाजवादाला शिव्या घालणाऱ्या देशातील धनिकांनी आपापसात समान वाटप कसे बिनबोभाट स्वीकारले, हे आमच्या अर्थशास्त्रींनी जरूर अभ्यासावे. तेव्हा प्रश्नाचे उत्तर साठ वर्षांपूर्वीच मिळालेले आहे. लहान गावातील संघ टिकतो. वाटणी समान असेल तर टिकतो, आणि मालकाला पळता येत नसेल तर तेथेच टिकतो. पहिली गोष्ट बत्तीसही संघांना आहे. दुसरी फक्त एकाला.

ग्रीन बेचे देव्हारे आम्हाला माजवायचे नाहीत. तेथे मत माणसागणिक नाही, शेअरगणिक आहे. 'एक व्यक्ती, एक मूल्य' सांगणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांच्या नजरेतून हे सुटणार नाही. शिवाय स्टेडियम वाढवण्यासाठी २००० साली त्या परगण्यातील लोकांवर अर्धा टक्का विक्रीकर बसला आणि तो २०१५ पर्यंत चालला. मतदानात जेमतेम त्रेपन्न टक्क्यांनी तो मंजूर केला होता. म्हणजे सत्तेचाळीस टक्क्यांनी नको म्हटले आणि तरी साबण-पावडर घेताना कर भरला. पण तो पैसा निदान पळून गेला नाही.

सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक जमीन या प्रश्नाची दुसरी बाजू आमच्या वाचकांना अधिक जवळची वाटेल. १९३४ ते १९४५ या काळात या संघटनेत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. असा कोणताही लेखी नियम नव्हता. अस्पृश्यतेला लेखी नियम कोठे लागतो? १९४६ साली क्लीव्हलँडचा रॅम्स लॉस एंजेलिसला जायला निघाला. त्याला तेथील कोलिझियम हे सार्वजनिक मैदान हवे होते. मैदानाच्या समितीच्या बैठकीत हॅली हार्डिंग हा कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचा क्रीडालेखक उभा राहिला आणि त्याने सुनावले, की हे मैदान आमच्याही करातून उभे आहे, आम्हाला वगळणाऱ्या संघाला ते मिळता कामा नये. संघाला मान तुकवावी लागली. केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड या दोघांना त्याच वर्षी घेण्यात आले. बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे नेते डू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला तेही वर्ष १९४६. मोठमोठ्या दैनिकांना जे सुचले नाही ते एका छोट्या पत्राच्या लेखकाने केले, याचा आम्हाला विशेष अभिमान वाटतो.

पुढे १९६१ साली राजधानी वॉशिंग्टनच्या संघाचा मालक कृष्णवर्णीय खेळाडू घ्यायला तयार नव्हता. त्याचे नवे स्टेडियम केंद्र सरकारच्या जमिनीवर होते. केनेडी मंत्रिमंडळातील स्ट्युअर्ट उडॉल यांनी बजावले, की भेदभाव चालू राहिला तर मैदान मिळणार नाही. १९६२ साली बॉबी मिचेल आणि इतर कृष्णवर्णीय खेळाडू त्या संघात आले. मालकाचे मन पालटले म्हणून नव्हे, तर जमीन त्याची नव्हती म्हणून. आज या संघटनेत निम्म्याहून अधिक खेळाडू कृष्णवर्णीय आहेत, पण एकाही संघाचा प्रमुख मालक आजवर कृष्णवर्णीय झालेला नाही.

आणि ओकलंड! १९६६ साली ब्लॅक पँथर पार्टी ज्या शहरात जन्मली आणि जिच्यावरून १९७२ साली मुंबईत आपल्या दलित पँथरने नाव घेतले, ते हे ओकलंड. त्याचा रेडर्स संघ १९८२ साली लॉस एंजेलिसला गेला, १९९५ साली परत आला आणि २०२० साली लास वेगासला गेला, जेथे ७५ कोटी डॉलर हॉटेल करातून देण्यात आले. १९९५ साली त्याला परत आणण्यासाठी स्टेडियमवर केलेल्या खर्चाचे कर्ज संघ गेल्यावरही ओकलंडकरांच्या डोक्यावर राहिले. बास्केटबॉलचा संघ २०१९ साली खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेला होता, बेसबॉलचाही २०२४ नंतर गेला. कष्टकऱ्यांच्या या शहरात तिन्हींपैकी एकही उरला नाही.

हे सारे दूरदेशीचे, असे कोणी म्हणेल. पण हेच मालकीचे कलम आपल्याकडेही लागले आहे. इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी हा संघ २०१९ साली गुंडाळला गेला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. तो हैदराबादचा संघ २०२५ साली दिल्लीचा झाला. पुण्यासारखे शहर काय छोटी बाजारपेठ आहे? बालेवाडीच्या सरकारी क्रीडासंकुलात त्या संघासाठी घसा फोडणाऱ्या पोरांना कोणी एका शब्दाने विचारले नाही. विचारण्याचे कारणही नव्हते, कारण त्यांच्या हातात तिकिटाच्या कपट्याशिवाय काही नव्हते.

अमेरिकेत मात्र ग्रीन बेच्या पाच लाखांच्या हातात निदान एक कागद आहे. मग इतर लहान शहरांनी हाच मार्ग का धरू नये? बफेलोने का धरू नये? तेथे तर नव्या स्टेडियमसाठी राज्य आणि परगण्याने मिळून ८५ कोटी डॉलर द्यायचे २०२२ साली ठरले. एवढ्या पैशात संघाचा मोठा हिस्साच विकत घेता आला असता. जॅक्सनव्हिलच्या नगरपरिषदेनेही २०२४ साली ७७ कोटी ५० लाख डॉलर मंजूर केले. तेथील मालक लाहोरात जन्मलेला, हिमतीने वर आलेला स्थलांतरित. मालकाची जात-वंश बदलला म्हणून मालकीचा स्वभाव बदलत नाही, हेही पाहून ठेवलेले बरे.

उत्तर सोपे आहे. दुसरे ग्रीन बे होऊ नये अशी तजवीज संघटनेच्या नियमावलीतच आहे. संघ कोणा एका प्रमुख मालकाच्या हाती असलाच पाहिजे, ना-नफा सार्वजनिक कंपनी चालणार नाही. पॅकर्सला जुना म्हणून तेवढी सूट. हा नियम अजून हललेला नाही. मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये याच मालकांनी मतदान करून दुसरा एक नियम सैल केला: यापुढे मोठमोठ्या खाजगी गुंतवणूक कंपन्यांना कोणत्याही संघाचा दहा टक्क्यांपर्यंत हिस्सा घेता येईल.