शकुंतला ट्रकपुढे का हरली? उत्तर मालधक्क्यावर आहे

यवतमाळ : वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेज मार्गाचा वर्धा-कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून जिल्ह्यात चर्चा आहे ती प्रवासी गाड्यांची. कापूस कसा जाणार, हे फारसे कोणी विचारत नाही.

शकुंतला कशासाठी आली?

कापसासाठीच. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज लाइन टाकली. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरमार्गे मुंबई बंदरात आणि तिथून इंग्लंडच्या गिरण्यांत जायचा. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावले.

मग घोडे कुठे अडले?

शकुंतलेचा रूळ अडीच फुटी, मुंबईच्या लाइनचा साडेपाच फुटी. त्यामुळे मूर्तिजापूरला प्रत्येक गाठ उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावी लागे. हमाली दुप्पट, वेळही दुप्पट. ट्रक मात्र जिनिंगच्या दारात माल भरतो आणि थेट गिरणीच्या दारात उतरवतो.

अमेरिकेने काय केले?

तिथे हीच अडचण ट्रक आणि जहाज यांच्यात होती. नॉर्थ कॅरोलिनातले ट्रकमालक माल्कम मॅक्लीन यांनी माल उतरवण्याऐवजी ट्रकवरची अख्खी पेटीच उचलायची ठरवले. २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' जहाज अशा ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. आजच्या कंटेनर वाहतुकीची ही सुरुवात. पुढे रेल्वेनेही हेच कंटेनर उचलले. लांबचा पल्ला रेल्वेचा, दोन्ही टोके ट्रकची, अशी वाटणी झाली.

यवतमाळने काय करावे?

नव्या मार्गामुळे गेजची अडचण संपेल. पण स्टेशनला लागून मालधक्का, गोदाम, क्रेन आणि ट्रकसाठी रुंद रस्ता नसेल, तर गाठी आजच्यासारख्या ट्रकनेच जातील.

कापूस हंगामी, मग वर्षभर माल कुठून येणार, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. पण सोयाबीन आणि तूरही बाहेर जाते, खत आणि सिमेंट बाहेरून येते. जाताना आणि येताना भरलेली गाडीच परवडते. ट्रकमालकांचेही यात नुकसानच होईल असे नाही. लांबच्या एका खेपेऐवजी जवळच्या अनेक खेपा मिळू शकतात.

वाहतुकीचे भाडे शेवटी शेतकऱ्याच्या भावातूनच वजा होते. म्हणून यवतमाळच्या मालधक्क्याचा आराखडा आताच मागायला हवा. पहिल्या गाडीला हार घालून झाल्यावर उशीर झालेला असेल.