मोफत साहित्य, मराठी घर

‘कोणती साइट लावू?’ हा प्रश्न आता आपल्या वर्तुळात अभ्यासक्रमाच्याही आधी विचारला जातो. मुलाला शाळेतून काढायचे नुकतेच ठरलेले असते, आजी-आजोबांची समजूत अजून पटलेली नसते, आणि आई-बाबांनी खान अकादमीवर खाते उघडलेलेही असते. त्यात वावगे काही नाही. चांगले पुस्तक मिळत नाही, प्रयोगाचे सामान परवडत नाही, म्हणून गृहशिक्षण अडले असे आज कोणालाही म्हणता येणार नाही, इतके मोफत साहित्य उपलब्ध आहे. आमची काळजी वेगळी आहे. ज्या घरात जेवणापासून रुसव्याफुगव्यापर्यंत सगळे मराठीत चालते, त्या घरातले शिकणे या संकेतस्थळांमुळे हळूहळू इंग्रजीत सरकते. तसे कोणी ठरवलेले नसते, म्हणून ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

मूल शाळेत घालताना माध्यमावर घराघरात चर्चा होते. मराठी, इंग्रजी की सेमी, यावरून नातेवाइकांत वाद होतात. होमस्कूलिंग करणाऱ्या घरात मात्र ही चर्चा बहुतेक वेळा होतच नाही. ‘अपूर्णांक’ असे टाइप करून जे सापडते त्याने समाधान होत नाही, मग तोच विषय इंग्रजीत शोधला जातो, समोर सुबक रंगीत पडदा उघडतो आणि आई मुलाला म्हणते, ‘हे बघ, हे छान आहे.’ असे वर्षभर चालले की माध्यम बदललेले असते.

हे आम्हाला गंभीर का वाटते, ते सांगतो. गृहशिक्षणात घटक चाचणी नाही, प्रगतिपुस्तक नाही. मुलाला एखादी गोष्ट कळली की नाही हे ओळखण्याचा आपल्याकडे एकच भरवशाचा मार्ग आहे, तो म्हणजे मुलाला ती स्वतःच्या शब्दांत सांगता येते का ते ऐकणे. दोन पूर्णांक एक तृतीयांश भाकरी म्हणजे किती, हे नऊ वर्षांची मुलगी आजीला समजावून सांगू शकली, तर तिला अपूर्णांक कळले. तीच मुलगी पडद्यावर दहापैकी दहा उत्तरे बरोबर देते आणि विचारले की व्हिडिओतली इंग्रजी वाक्येच परत म्हणून दाखवते, तेव्हा तिला काय कळले हे आपल्याला सांगता येत नाही. ती हुशार असेल, तिला खरोखर कळलेलेही असेल. पण आपल्या हातातले मोजमाप निकामी झालेले असते. गावाकडे गेल्यावर आजोबांना, शेजारच्या काकूंना, दुकानदाराला प्रश्न विचारत शिकणे ही तर होमस्कूलिंगची मोठी ताकद. शिकण्याची भाषा त्यांच्याहून वेगळी झाली की ही माणसे मुलाच्या शिक्षणातून आपोआप बाहेर पडतात.

पुढे परीक्षेचाही प्रश्न येतो. आपल्यातली बरीच कुटुंबे दहावीच्या वेळी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे, म्हणजे एनआयओएसकडे वळतात. काही सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची परीक्षा देतात, काही राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाचा पर्याय निवडतात. यांपैकी कुठेही मराठीतून परीक्षा द्यायची, तर चौदाव्या वर्षी ‘बहुपदी’, ‘त्वरण’, ‘संयुजा’ हे शब्द पहिल्यांदा भेटून चालत नाही.

‘पण शेवटी इंग्रजीच लागणार ना?’ हा प्रश्न आम्हाला नेहमी येतो आणि तो रास्त आहे. इंग्रजी लागणारच. ती गोष्टींतून, गाण्यांतून, भरपूर वाचनातून भाषा म्हणून शिकवावी आणि मनापासून शिकवावी. आमचे म्हणणे इतकेच की दहा-अकरा वर्षांपर्यंत गणित-विज्ञानातली नवी कल्पना मुलाला पहिल्यांदा त्याच्या घरच्या भाषेत भेटावी. घरची भाषा मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी असेल तर ती बोली. पुस्तकी मराठी तिच्या पाठोपाठ येईल. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांची गोष्ट उलटी आहे. तिथे होमस्कूलिंग पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे आणि मुलांची शिकण्याची भाषा इंग्रजीच असते. त्यांना मोफत मराठी साहित्य हवे असते ते मराठी टिकवण्यासाठी. पुढे ज्या साहित्याबद्दल लिहिले आहे, त्यातले निम्मे त्यांच्याही कामाचे आहे.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. खान अकादमीपासूनच सुरुवात करू, कारण ती सर्वांत जास्त वापरली जाते आणि आमच्या मते सर्वांत जास्त चुकीच्या पद्धतीने वापरली जाते. सलमान खान यांनी नात्यातल्या एका बहिणीला दूरवरून गणित शिकवता शिकवता सुरू केलेले हे काम २००८पासून ना-नफा संस्था म्हणून चालते. तिथल्या गणिताचा काही भाग मराठीतही आहे. तो आधी पाहावा, ही पहिली विनंती. दुसरी अशी की व्हिडिओपासून सुरुवात करू नये. आधी सरावाची उदाहरणे उघडावीत, मूल कुठे अडते ते पाहावे, आणि अडलेल्या जागेचाच व्हिडिओ पालकांनी स्वतः बघून घ्यावा. मग वही-पेन्सिल घेऊन, मणी किंवा काड्या घेऊन, तो भाग मुलाला मराठीत समजावून सांगावा. यात तुमची वीस मिनिटे जातात हे खरे, पण मुलाचे दोन दिवस वाचतात. पर्यायांतून उत्तर निवडायचे असेल तेव्हा मुले पटकन अंदाज बांधू लागतात आणि गुण वाढत जातात, म्हणून प्रत्येक उदाहरण वहीत सोडवल्याशिवाय पडद्याला हात लावायचा नाही, असा नियम घरात असावा.

विज्ञानासाठी आमची पहिली पसंती फेट या सिम्युलेशनना आहे. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात हे काम सुरू केले. त्यात वाचायला फार थोडे आणि करून बघायला भरपूर असते, त्यामुळे भाषेचा अडसर सर्वांत कमी जाणवतो; शिवाय अनेक सिम्युलेशन मराठीत भाषांतरित झालेली आहेत. विद्युत परिपथाचे सिम्युलेशन घ्या. मूल बॅटरी, तार आणि दिवा जोडते, दिवा लागतो. मग ते नुसत्या तारेने बॅटरीची दोन टोके जोडते आणि पडद्यावर ज्वाळा उठतात. घरात जे करू देता येत नाही ते इथे मनसोक्त करता येते. लघुपरिपथ हा शब्द सांगायची योग्य वेळ ज्वाळा पाहिल्यानंतरची, त्याआधीची नव्हे. आणि सिम्युलेशन संपले की त्याच दुपारी टॉर्चचा सेल, छोटा बल्ब आणि तारेचा तुकडा मुलाच्या हातात द्यावा. पडद्यावर तार नेहमी नीट जोडली जाते. हातात घेतल्यावर ती निसटते, टोकाचे प्लास्टिक खरवडायचे राहून जाते, बल्ब लागत नाही. का लागत नाही हे शोधताना मूल जे शिकते, ते कोणत्याही सिम्युलेशनमध्ये नाही. फेटची बहुतेक सिम्युलेशन उतरवून घेता येतात आणि नेटशिवाय चालतात, ही सोय वीज आणि रेंज दोन्ही बेभरवशाच्या असलेल्या गावांतल्या कुटुंबांनी जरूर लक्षात ठेवावी. कोलिब्री नावाचे मोफत सॉफ्टवेअर तर खान अकादमी आणि फेट दोन्हींचे साहित्य एका संगणकावर साठवून नेटविना घरातल्या इतर उपकरणांवर दाखवते. तीन-चार कुटुंबांच्या गटाने मिळून एक जुना संगणक यासाठी ठेवायला हरकत नाही.

अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळाबद्दल आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी, त्यांच्या मराठीतल्या छोट्या फिल्म आणि हजारो पुस्तके तिथे मोफत आहेत. पण तिथेही फिल्ममागून फिल्म बघत राहण्याचा मोह होतो. आठवड्याला एकच खेळणे करावे, ते मोडेपर्यंत खेळू द्यावे आणि मोडल्यावर दुरुस्त करायला लावावे.

मराठी वाचनासाठी मात्र आपण हाताशी असलेल्या ठेव्याकडे फार दुर्लक्ष करतो. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात. पाठ्यपुस्तकांचा तिटकारा येऊन शाळा सोडलेल्या घरांना हे वाचून बरे वाटणार नाही, तरी सांगतो, की परिसर अभ्यासाची ही पुस्तके संदर्भासाठी जवळ असावीत. आणि ‘किशोर’ मासिक! १९७१पासूनचे जुने अंक आज कोणालाही घरबसल्या उघडता येतात. पन्नास वर्षांतल्या मराठीतल्या उत्तमोत्तम लेखक-चित्रकारांनी मुलांसाठी केलेले काम तिथे आहे, आणि त्यासाठी एक पैसाही पडत नाही. आमच्या मते मराठी गृहशिक्षणाला याहून मोठा मोफत आधार दुसरा नाही. लहान मुलांसाठी प्रथम बुक्सचे स्टोरीव्हीवर आहे. तिथली मराठी पुस्तके वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेली आहेत. मूल बारा-तेरा वर्षांचे झाले की त्याला मराठी विश्वकोश उघडून द्यावा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत उभे केलेले हे काम सुरुवातीला जड वाटते. एका नोंदीतली चार वाक्ये एकत्र बसून वाचली, कठीण शब्द सोडवले, तरी पुरे. दीक्षा पोर्टलवरचे व्हिडिओ पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करून पाहता येतात, पण त्यांचा दर्जा सारखा नाही. पुष्कळसे व्हिडिओ म्हणजे फळ्यासमोरचा तासच आहे, आणि तो तास नको म्हणून तर आपण घरी बसलो.

मोफत साहित्याचा खर्च वेगळ्या रूपाने येतो हेही ध्यानात असू द्यावे. घरात एकच फोन असेल आणि तो सकाळभर मुलाकडे असेल, तर आई-वडिलांचे काम खोळंबते. यूट्यूबवर एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो आणि मध्ये जाहिराती येतात. ज्या संकेतस्थळावर व्हिडिओ मूळचा आहे तिथेच जाऊन पाहावा. खाते पालकांच्या नावाने उघडावे. मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, फोटो मागणाऱ्या ‘मोफत’ ॲपपासून दूर राहावे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती सक्तीची केली आहे, पण ती संमती न वाचता देणारेही आपणच असतो.

जॉन होल्ट यांनी १९७७मध्ये बॉस्टनहून ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक सुरू केले, तेव्हा वेबसाइट नावाची गोष्टच नव्हती. त्यातली पाने पालकांच्या पत्रांनी भरलेली असत. एका घरात काय जमले, काय फसले, हे दुसऱ्या घराला कळावे म्हणून लोक लिहीत होते. आपल्याकडे आज साहित्य त्यांच्या हजारपट आहे आणि देवाणघेवाण मात्र ‘लिंक पाठवा’ एवढीच उरली आहे. इतरांनी केलेले आपण वापरतो, पण त्यात भर घालत नाही. मराठीत साहित्य कमी आहे अशी तक्रार करणाऱ्या घरांत उत्तम इंग्रजी आणि उत्तम मराठी दोन्ही येणारी माणसे आहेत, आणि ती रोज हे साहित्य मुलांना तोंडी मराठीत सांगतच असतात. तेच कागदावर उतरवायचे आहे.

यासाठी कोणाची परवानगी मिळवत बसायला नको. स्टोरीव्हीवरवरची पुस्तके खुल्या परवान्याखाली आहेत आणि भाषांतर तिथल्या तिथेच करता येते. फेटकडे भाषांतरासाठी स्वतंत्र साधन आहे. मराठीत नसलेले सिम्युलेशन निवडून त्यातली वाक्ये भरायची असतात, आणि ती बहुधा एका संध्याकाळीत संपतील इतकीच असतात. मराठी विकिपीडियावर विज्ञानाच्या कित्येक नोंदी दोन ओळींच्या आहेत. बारा-पंधरा वर्षांच्या मुलांना या कामात घेतले, तर त्यांचा विषयही पक्का होईल आणि मराठीही. भाषांतर करताना नेमका मराठी शब्द सापडला नाही तर बालभारतीच्या पुस्तकांतला शब्द घ्यावा, म्हणजे एकाच गोष्टीला चार घरांत चार नावे होणार नाहीत.

या मासिकाच्या प्रत्येक वाचक कुटुंबाला आमचे आवाहन आहे, की दिवाळीपर्यंत एक गोष्ट, एक सिम्युलेशन किंवा विकिपीडियावरची एक नोंद मराठीत आणा. काम अर्धवट झाले असेल तरी आम्हाला कळवा, म्हणजे ते पूर्ण करू इच्छिणारे दुसरे घर आम्ही शोधून देऊ. पुढच्या अंकापासून दोन पाने या कामासाठी राखून ठेवली आहेत. कोणी काय केले, त्यात काय अडले आणि ते मुलांच्या हातात गेल्यावर काय झाले, ते तिथे छापू.