पेपरात आलं म्हणजे गुन्हा सिद्ध झाला का?

एखाद्या पुढाऱ्याचं नाव पेपरात आलं की तासाभरात कात्रण गावच्या ग्रुपवर फिरतं आणि पारावर निकालही लागतो. कोर्टात मात्र नुसत्या कात्रणाला किंमत नाही. १९६७ साली मुंबईतून जॉर्ज फर्नांडिस निवडून आले. त्या निवडणुकीला आव्हान देताना वर्तमानपत्रातल्या बातम्या पुढे केल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये स्पष्ट केलं की, प्रत्यक्ष काय घडलं ते साक्षीदारांनी सांगितल्याशिवाय बातमी म्हणजे फार तर ऐकीव माहिती.

शिक्षेचं तसं नाही. नागपूर जिल्हा बँक घोटाळ्यात माजी मंत्री सुनील केदार यांना डिसेंबर २०२३ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच आमदारकी गेली. दोन वर्षे किंवा जास्त शिक्षा झाली की आमदारकी-खासदारकी जाते. अपील केलं म्हणून ती आता वाचत नाही, हे २०१३ च्या लिली थॉमस निकालाने ठरवलं. केदारांना पुढं जामीन मिळाला. इथं लोकं हमखास गोंधळतात. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे! दोषसिद्धीला स्थगिती मिळाली नाही, म्हणून २०२४ ची विधानसभा त्यांना लढवता आली नाही. वरच्या कोर्टात अपिलात निकाल फिरू शकतो, हेही खरं.

पण घोटाळा २००२ चा, निकाल २०२३ चा. मधल्या एकवीस वर्षांत ठेवीदार शेतकऱ्याच्या हातात बातम्यांशिवाय काय होतं? म्हणून बातमी फेकून देऊ नका. आपल्या सोसायटीबद्दल काही छापून आलं, तर आधी लेखापरीक्षण अहवालाची प्रत मागा, मग कात्रण पुढं पाठवा.