घरोघरचे प्रश्न : लहान मूल आणि दूरचें बेट

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनीचें पत्र आम्हांस आलें. त्यांच्या पदरीं अडीच वर्षांची मुलगी आहे. यजमानांनीं मे महिन्याच्या अखेरीस अंदमानास जाण्याचीं विमानाचीं तिकिटें काढलीं असून समुद्रकांठच्या एका विश्रामस्थानांत, हल्लीं ज्यास रिसॉर्ट म्हणण्याचा प्रघात आहे तेथें, सहा दिवसांची सोयही ठरविली आहे. परंतु घरांतील वडील मंडळींस हा बेत मुळींच पसंत नाहीं. "एवढेंसें पोर घेऊन काळ्या पाण्यावर जायचें कशाला? तिला त्यांतलें कळणार काय?" असें सासूबाईंचें म्हणणें, आणि त्या दिवसापासून घरांत अबोला! "आपण काय तें सांगावें," असें त्या भगिनी लिहितात.

हें पत्र आम्हीं दोनदां वाचलें, आणि खरें सांगावयाचें तर थोडें ओशाळलों. दोन वर्षांपूर्वीं आमच्याच घरीं हाच वाद झाला होता, आणि त्यांत सासूची भूमिका आमच्याकडे होती. आमचा नातू तेव्हां साडेतीन वर्षांचा. चिरंजिवांनीं जानेवारीमध्यें सर्वांनीं मिळून अंदमानास जावें असें ठरविलें, तेव्हां आम्हीं प्रथम नाकें मुरडलीं. मग मूल दुसऱ्यांच्या भरंवशावर जाणार हें सहन न होऊन आपणही बरोबर निघालों. सूनबाईंनीं औषधांची एक पिशवी स्वतंत्र भरली होती. तींत तापमापक, तापाचें औषध, क्षारसाखरेच्या पुड्या, डांसांचें मलम, उन्हाचें मलम, मोजमापाचा पेला, असें काय काय होतें. तिला आम्ही "फिरता दवाखाना" म्हणून चारचौघांत हंसलों. ही पिशवी पुढें पुन्हां येणार आहे.

चेन्नईहून विमान निघालें म्हणजे दोन-सवादोन तासांत पोर्ट ब्लेअर येतें. 2024 पासून त्या शहराचें नांव श्रीविजयपुरम् असें झालें आहे. विमान उतरूं लागलें म्हणजे लहान मुलांचे कान दुखतात. त्या वेळीं त्यांस घोट घोट पाणी पाजीत राहावें, म्हणजे गिळण्यानें कानांतील दाब सुटतो. तेथून हॅवलॉक बेटास, 2018 पासूनच्या नांवानें स्वराज द्वीपास, बोटीनें जावें लागतें. बोट लागण्याची भीति आम्हांस नातवाची होती. परंतु तो खिडकीशीं बसून उडणारे मासे मोजीत राहिला, आणि ओकाऱ्या झाल्या त्या आम्हांस! बोटीच्या मध्यभागीं, खालच्या बाजूस बसावें, दृष्टि क्षितिजावर ठेवावी आणि पोट फार भरलेलें किंवा अगदीं रिकामें नसावें, हें आम्ही त्या दिवशीं शिकलों. दोन वर्षांखालील मुलांस हा त्रास सहसा होत नाहीं. त्यावरील मुलांस होतो, आणि त्यांचें औषध निघण्यापूर्वींच आपल्या डॉक्टरांस विचारून घ्यावें.

"त्याला त्यांतलें काय कळणार?" हा प्रश्न आम्हींही विचारला होता. त्याचें उत्तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं मिळालें. ओहोटी लागली होती. वडील मंडळी पाण्याच्या रंगाची वाखाणणी करीत होतीं, आणि नातू ओल्या वाळूवर उकिडवा बसून होता. तेथें वाटाण्याएवढे खेकडे असतात. ते वाळू तोंडांत घेऊन तिच्यांतील अन्नकण तेवढे टिपतात आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून बाहेर टाकतात. बिळाच्या भोंवतीं अशा शेंकडों गोळ्यांच्या ओळी पडतात, आणि पाहणारास वाटतें कीं कोणी दारापुढें ठिपक्यांची रांगोळी घातली आहे. नातवानें ती रांगोळी दोन तास पाहिली. तेथील तलाव, घसरगुंडी, मुलांच्या खेळांची खोली, ज्यांच्यापायीं चिरंजिवांनीं बरेच पैसे मोजले होते, त्यांकडे त्यानें ढुंकूनही पाहिलें नाहीं. दुपारीं भरती आली, नक्षी पुसून गेली. तेव्हां तो रडला. दुसऱ्या दिवशीं खेकड्यांनीं ती पुन्हां काढलेली पाहून त्याला जो आनंद झाला तो आम्ही विसरणार नाहीं. त्या वयाच्या मुलास बेट म्हणजे चार हात वाळू. ती त्याला पोटभर पाहूं द्यावी, आणि रोज तीन स्थळें उरकण्याचा हट्ट वडील माणसांनीं सोडावा. आणखी एक सोय तेथें आपोआप होते. आपल्या घड्याळाच्या मानानें तीं बेटें फार पूर्वेस असल्यामुळें जानेवारींत साडेपांचच्या आंतच सूर्य मावळतो. मुलें सातास झोंपतात आणि पहांटे उजाडतांच उठून किनाऱ्यावर जातात. दहा ते तीन हें ऊन मात्र मुलांचें नव्हे. त्या वेळीं सावली, टोपी आणि पाणी.

आतां ती गोष्ट, जी सांगण्यासाठीं हा लेख आम्हीं लिहावयास घेतला. तिसऱ्या दिवशीं बाजारांतून परततांना एका गाड्यावर लिंबाचें सरबत मिळत होतें. नातवानें हट्ट धरला. सूनबाई म्हणाल्या, "आई, बर्फ नको. कुठल्या पाण्याचा असेल कोण जाणे." आम्हांस तें लागलें. आम्हीं तीन मुलें वाढविलीं तीं काय बर्फ गाळून? सूनबाई पुढें गेल्या तेव्हां आम्हीं अर्धा पेला नातवास पाजला, आणि "आईला सांगूं नकोस हं" असेंही त्याच्या कानांत सांगितलें. हें वाक्य लिहितांना आजही हात अडखळतो.

दुसऱ्या रात्रीं दहाच्या सुमारास त्याला पहिली वांति झाली. बारापर्यंत सहा-सात वेळां पोट वाहिलें. अंग तापलें. आम्हीं सांगितलें, "पोटाला विसांवा द्या. पाणी पाजलें कीं बाहेर येतें, तेव्हां पाजूंच नका, सकाळपर्यंत लंघन." आमच्या सासूबाई असेंच करीत. सूनबाई एक शब्दही न बोलतां पिशवी उघडून बसल्या. उकळून गार केलेलें पाणी त्यांनीं मापानें घेतलें आणि त्यांत क्षारसाखरेची पुडी विरघळवून चमच्यानें पाजावयास आरंभ केला. आम्हीं त्यांचा हात धरला. तेव्हां त्या इतकेंच म्हणाल्या, "आई, आज माझें ऐका. उद्यां काय बोलायचें तें बोला." चिरंजीव दाराशीं उभे होते, त्यांनीं कोणाचीच बाजू घेतली नाहीं, आणि तें बरेंच झालें.

सूनबाईंची रीत आम्हीं रात्रभर पाहिली, ती येथें नोंदून ठेवितों. पुडीवर जितकें पाणी लिहिलें असेल तितकेंच घ्यावें. कमी पाण्यांत ती घट्ट करूं नये, अर्धी पुडी अंदाजानेंही टाकूं नये. दर दोन-तीन मिनिटांस एक चमचा. वांति झाली तर दहा मिनिटें थांबावें आणि पुन्हां सावकाश सुरू करावें. दोन वर्षांवरील मुलास प्रत्येक पातळ शौचानंतर शंभर ते दोनशें मिलिलिटर, त्याखालील मुलास पन्नास ते शंभर. अंगावरचें दूध बंद करूं नये. मूल खाईल तर मऊ अन्नही बंद करूं नये. डोळे खोल गेले, रडतांना अश्रु येईनात, सहा तास लघवी झाली नाहीं, मूल निपचित पडलें, पाणी पीतच नाहीं, किंवा शौचांत रक्त दिसलें, तर चमच्याच्या भरंवशावर न राहतां तात्काळ डॉक्टर गांठावा. पुडी जवळ नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा चमचा, चमचा चहाचा. मीठ याहून अधिक पडतां कामा नये.

पहांटे उत्तरेचा वारा सुटला. त्या दिवशींच्या बोटी रद्द झाल्याचें कळलें आणि आमच्या पायांखालची वाळू सरकली. विश्रामस्थान कितीही सुखाचें असो, बेट तें बेटच. वाटलें म्हणून शहर गांठतां येत नाहीं. तें आम्हांस त्या घटकेपर्यंत उमगलें नव्हतें. तेथील सरकारी आरोग्यकेंद्रांत नातवास नेलें. डॉक्टर तरुण होते. त्यांनीं पोटावरची कातडी चिमटींत धरून सोडली आणि ती परत बसते कशी तें पाहिलें, जीभ पाहिली, शेवटची लघवी केव्हां झाली तें विचारिलें. मग म्हणाले, "शिरेंतून सलाइन देण्याची गरज नाहीं. रात्रीं ज्यांनीं पाणी पाजलें त्यांनीं तुमचें काम केलें आहे." जस्ताच्या गोळ्या त्यांनीं चौदा दिवसांच्या लिहून दिल्या. आम्ही जमिनीकडे पाहत होतों. बाहेर आल्यावर आम्हीं सूनबाईंस बर्फाची हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "मला कालच कळलं होतं. त्यानं झोंपेंत सांगितलं."

सायंकाळीं आमच्या खोलीची झाडलोट करणारी बाई घरून मऊ भात घेऊन आली. तिचे आजेसासरे फाळणीनंतर पूर्व बंगालांतून निर्वासित होऊन ह्या बेटावर वसविले गेले होते; स्वराज द्वीपावरील बरींचशीं कुटुंबें अशींच आलेलीं आहेत. घरीं परतल्यावर आम्हीं त्या पुडीचा इतिहास मुद्दाम वाचून काढला, तो बंगालच्या निर्वासितांशींच येऊन भिडला! 1971 सालीं बांगलादेशाच्या युद्धांत लक्षावधि लोक सरहद्द ओलांडून आले, आणि बनगांवच्या छावणींत पटकीची सांथ उसळली. शिरेंतून देण्याचें सलाइन संपत आलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ आणि ग्लुकोज मिसळलेलें पाणी पिंपांत भरून ठेविलें, आणि रोग्यांच्या नातेवाइकांकडूनच तें पाजविलें. शेंकडा तीस माणसें दगावत होतीं, तें प्रमाण चारांच्या खालीं आलें. हे डॉक्टर 2022 सालीं निवर्तले. आमच्या पिढींतील किती आयांस त्यांचें नांव ठाऊक होतें? आम्हांस तरी नव्हतें. आणि पाणी तोडण्याची जी रूढि आमच्या सासूबाईंनीं आम्हांस दिली तिनें किती घरांत काय केलें असेल, ह्याचा विचार त्या रात्रीपासून मनांतून जात नाहीं.

तिसऱ्या दिवशीं नातू पुन्हां खेकड्यांकडे गेला. परततांना त्यानें एक सुंदर शंख खिशांत घातला. थोड्या वेळानें खिसाच चालूं लागला! आंत शंखाचें घर करून राहणारा खेकडा होता. त्याला जागेवर सोडलें. रिकामे शंख आणि पोंवळीं देखील आणूं नयेत. त्यांतील पुष्कळांस 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें संरक्षण आहे, आणि विमानतळावर सामान तपासतात. पाण्याविषयींही एक गोष्ट: जेथें जीवरक्षक उभे असतात तेथेंच उतरावें, आणि खाडीच्या मुखापाशीं तिवरांच्या बाजूस मुलांस नेऊं नये. त्या समुद्रांत खाऱ्या पाण्यांतील मगरी आहेत. 2010 सालीं हॅवलॉकपाशीं एका परदेशी स्त्रीचा त्यांनीं बळी घेतला.

मराठी माणूस अंदमानास गेला आणि सेल्युलर जेल न पाहतां आला, असें होत नाहीं. 1906 सालीं पुरें झालेल्या त्या तुरुंगाच्या सात ओळींपैकीं तीन आज उभ्या आहेत. सावरकर 1911 ते 1921 तेथें होते. त्यांच्या कोठडींत आम्ही गेलों, आणि जें वाटलें तें येथें लिहिण्याचें कारण नाहीं. लहान मुलांस तेथें नेऊं नये असें आमचें मत नाहीं. पण त्यांस पुढें उभें करून व्याख्यान देऊं नये. नातवानें "खिडकी एवढी उंच कां?" म्हणून विचारिलें, चिरंजीव म्हणाले, "बाहेरचें दिसूं नये म्हणून." तो बराच वेळ वर पाहत राहिला. रात्रींचा प्रकाशध्वनीचा खेळ आम्हीं मुद्दाम टाळला. तो मुलांच्या झोंपेच्या वेळीं असतो. जारवा लोकांच्या राखीव रानांतून जाणाऱ्या रस्त्यानेंही आम्ही गेलों नाहीं. माणसें पाहावयास माणसांनीं मोटारींतून जावें हें आम्हांस रुचत नाहीं.

आतां त्या भगिनींस उत्तर. मुलीस न्यावें, अवश्य न्यावें. पण मे महिन्याच्या अखेरीस नव्हे. मोसमी पाऊस केरळच्याही अगोदर, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास अंदमानावर येतो; समुद्र खवळतो, बोटी रद्द होतात, आणि सहा दिवसांतील चार खोलींत जातात. आजारी मूल असेल तर त्या चार दिवसांचें काय होतें तें आम्ही वर सांगितलें आहे. तिकिटें बदलून जानेवारी ते मार्चमधलीं करून घ्यावीं. कांहीं रक्कम कापली जाईल ती जाऊं द्यावी. निघण्यापूर्वीं लसी पुऱ्या झाल्या आहेत ना तें पाहावें, डांसांसाठीं मच्छरदाणी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे न्यावे, कारण तीं बेटें हिंवतापाचीं आहेत. पिशवी आपण स्वतः भरावी. आणि सासूबाईंस बरोबर चला म्हणून विनवावें. बोटींत त्यांस मधल्या रांगेंत बसवून हातांत लिंबाची फोड द्यावी. बर्फाची गोष्ट त्यांस आमच्या नांवानें वाचून दाखविण्यास आमची हरकत नाहीं.